ताटापलीकडची भूक

गेल्या वैशाखांत अकोल्यास एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. घर भरलेलें, तीन पिढ्या एकाच छपराखालीं नांदत आहेत. बाहेर ऊन असें कीं, दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसूं नये. आंत कूलरची घरघर, माठाचें गार पाणी आणि जेवावयास आंब्याचा रस. मागल्या खोलींत स्नेह्यांच्या मातोश्री असतात. वय ऐंशीच्या पुढें गेलेलें. त्यांस नमस्कार करण्यासाठीं आम्ही आंत गेलों आणि सहज विचारलें, "काकू, सारें ठीक ना?" त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "सारं वेळेवर येतं बाप्पा. चहा येतो, ताट येतं, गोळ्या येतात. ताटासंगं माणूस मात्र येत नाही."

परततांना स्नेही फाटकापर्यंत पोंचवावयास आले. आईची गोष्ट निघतांच ते समाधानानें म्हणाले, "आईला कशाची म्हणून कमी पडूं दिली नाही आम्ही." हें त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. काकूंचें म्हणणेंही तितकेंच खरें होतें. एकाच घरांत, एकाच ताटाविषयीं दोन माणसें परस्परविरुद्ध बोलत होतीं आणि दोघांपैकीं कोणीही खोटें बोलत नव्हतें. हें कसें, याचाच विचार आज वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

"तुला काय कमी आहे?" हा प्रश्न आपल्या घरांतून किती सहज विचारला जातो! रुसलेल्या सुनेस विचारला जातो, अभ्यासांत मन न लागणाऱ्या मुलास विचारला जातो, दिवसेंदिवस गप्प होत चाललेल्या वडील माणसास विचारला जातो. वस्तुतः तो प्रश्न नसतोच. उत्तराची अपेक्षा ठेवून तो कोणी विचारीत नाहीं. अन्न, वस्त्र आणि निवारा यांची यादी मनांतल्या मनांत वाचून, ती पुरी झाल्याची ती पोंचपावती असते. माणसाच्या गरजा त्या यादीबरोबर संपतात, हें त्यांत गृहीत धरलेलें असतें.

आधीं त्या यादीचा मान तिला द्यावयास हवा. देहाच्या गरजा हलक्या आणि मनाच्या तेवढ्या थोर, असें मानण्याची एक पढीक खोड आपल्यांत आहे. आपल्या पूर्वजांस ती नव्हती. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आरुणि आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, पंधरा दिवस न जेवतां राहावयास सांगतो. पाणी मात्र हवें तितकें पिण्याची मुभा देतो. नंतर पिता त्यास ऋचा, यजुर्मंत्र आणि सामें म्हणून दाखविण्याची आज्ञा करतो. बारा वर्षें अध्ययन केलेल्या त्या तरुणास कांहीं एक आठवत नाहीं. मग पिता त्यास जेवावयास पाठवितो, आणि जेवून आल्यावर विचारलेलें सारें तो सांगूं लागतो. मन हें अन्नाचेंच बनलेलें आहे, हा सिद्धांत केवळ तोंडानें न सांगतां उद्दालकानें पुत्राच्या देहावर प्रयोग करून दाखविला.

असाच प्रयोग, पण फार मोठ्या प्रमाणावर, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं झाला. शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनीं स्वेच्छेनें सहा महिने अर्धपोटीं राहण्याचें पत्करलें. त्यांचें वजन सुमारें पावपट घटलें, हें अपेक्षितच होतें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच. हे सुशिक्षित, ध्येयवादी तरुण हळूहळू अन्नाशिवाय दुसऱ्या कशाचाच विचार करीनासे झाले. कित्येकांनीं पाकशास्त्राचीं पुस्तकें जमविलीं. थट्टामस्करी संपली, मैत्री आटली, चर्चा थांबल्या. भूक पोटांतच राहत नाहीं. ती मनांत शिरते आणि तेथील एकेक दिवा मालवीत जाते.

यासाठीं मिनेसोटापर्यंत जाण्याचीही गरज नाहीं. अमरावतीहून उत्तरेस घाट चढून गेलें कीं मेळघाट लागतो. तेथें बैरागडास डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे हें दांपत्य अनेक वर्षें रोग्यांची सेवा करीत आलें आहे. २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. लहान मुलें न्यूमोनियानें, हगवणीनें दगावतात खरीं, परंतु त्या रोगांमागें उपासमार आहे आणि उपासमारीमागें न पिकणारी शेती आहे, हें डॉक्टरांच्या ध्यानीं आलें. तेव्हां ते शेतीकडे वळले. बियाणें, पेरणी, पिकें यांचा अभ्यास करून तें ज्ञान त्यांनीं कोरकू शेतकऱ्यांपर्यंत नेलें. ज्या घरांत मूल भुकेनें रडतें आहे, तेथें मनाच्या गरजांवर प्रवचन झोडणें हा निर्दयपणा होय. एवढें निःसंदिग्धपणें सांगून मगच आम्ही पुढें जातों.

पुढें जावयाचें तें कोठें? तैत्तिरीय उपनिषदांत वरुणपुत्र भृगूस तपानें पहिली गोष्ट कळली ती अन्न हेंच ब्रह्म ही. पित्यानें त्यास पुन्हा तपास बसविलें. अन्नानंतर प्राण, प्राणानंतर मन, मग विज्ञान आणि शेवटीं आनंद, अशी त्याची वाटचाल झाली. शेवटास पोंचल्यावर भृगूनें पहिली पायरी टाकून दिली काय? मुळींच नाहीं. अन्नाची निंदा करूं नये, हें व्रत त्याच वल्लींत लगेच पुढें सांगितलेलें आहे.

१९४३ सालीं अब्राहम मॅस्लो ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मानवी प्रेरणांविषयीं एक प्रबंध प्रसिद्ध केला. आधीं देहाच्या गरजा, मग सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग मानसन्मान, आणि शेवटीं अंगच्या गुणांचा पूर्ण विकास, असा त्यानें क्रम लाविला. हा क्रम आज महाविद्यालयांतून त्रिकोणाची आकृति काढून शिकवितात, आणि ती पाहून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते कीं, खालची पायरी पुरती बांधून झाल्याशिवाय वरच्या पायरीवर पाऊल ठेवतांच येत नाहीं. स्वतः मॅस्लोनें हा क्रम इतका ताठर मानला नव्हता. त्यास अपवाद आहेत, हें त्यानें त्याच प्रबंधांत सांगून ठेवलें आहे.

पायरीची ही उपमाच मुळांत फसवी आहे, हें दाखविणारें एक करुण उदाहरण लवकरच जगापुढें आलें. रेने स्पिट्झ ह्या वैद्यानें १९४५ च्या सुमारास दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना केली. एक होता अनाथालयाचा विभाग. तेथें दूध, स्वच्छता, औषधोपचार, सारें यथास्थित होतें. परंतु अनेक मुलांमागें एकच दाई असल्यामुळें कोणा मुलास उचलून घेण्यास, त्याच्याशीं बोलण्यास सवड नव्हती. दुसरा होता स्त्रियांच्या तुरुंगाचा विभाग. तेथें मुलांचें सारें करणाऱ्या त्यांच्या बंदिवान माताच होत्या. अनाथालयांतील ९१ मुलांपैकीं ३४ मुलें दोन वर्षांत दगावलीं. तुरुंगांतील मुलें जगलीं आणि बागडूं लागलीं. स्पिट्झच्या पद्धतीवर पुढें टीका झाली. परंतु १९५८ सालीं हॅरी हार्लो यानें माकडाच्या पिलांपुढें दोन कृत्रिम माता ठेवल्या: एक नुसत्या तारांची, पण दुधाची बाटली असलेली, दुसरी मऊ कापडाची, पण बाटली नसलेली. पिलें दुधापुरतीं तारांच्या मातेकडे जात आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाच्या मातेस बिलगून राहत. जिच्याजवळ दूध तीच आई, हें गणित माकडाच्या पिलासही पटलें नाहीं. तान्ह्या जीवास स्पर्शाची आणि मायेची गरज पोट भरल्यावर वर्षांनीं लागते असें नाहीं. पहिल्या घोटाबरोबरच ती लागते.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. या विषयावर बोलण्याचा जितका अधिकार वऱ्हाडास आहे तितका फार थोड्या प्रांतांस असेल.

अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढें तेच गाडगे महाराज म्हणून सर्वांस ठाऊक झाले. दिवसा हातांत खराटा, रात्रीं कीर्तन, अंगावर चिंध्या आणि जवळ एक फुटकें गाडगें. त्यांचा दशसूत्री संदेश आज अनेक धर्मशाळांतून आणि कचेऱ्यांतून भिंतीवर लाविलेला दिसतो. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, गरीब मुलामुलींस शिक्षण, बेघरास आसरा, अंधपंगू रोग्यांस औषध, बेकारास काम, मुक्या प्राण्यांस अभय, गरीब तरुणतरुणींचें लग्न, आणि शेवटीं दुःखी व निराश माणसास हिंमत. वाचकांनीं ही यादी एकदां सावकाश वाचावी. प्रारंभ अन्नापासून आहे, हें स्वाभाविकच. परंतु शिक्षण, काम, लग्न, हिंमत हीं देहाच्या सोयींत मोडणारीं नव्हेत. तीं मनाचीं अन्नें आहेत. एका निरक्षर मानल्या गेलेल्या साधूनें भाकरी आणि हिंमत यांस एकाच यादींत, एकाच तोलानें बसविलें. भाकरीचा प्रश्न सुटल्यावर हिंमतीचें पाहूं, असें त्यांनीं कोठेंही म्हटलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण अमरावतीच्या तपोवनाचें. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं शहराबाहेरच्या उजाड जागेंत कुष्ठरोग्यांसाठीं ही वसाहत स्थापिली. त्या काळीं कुष्ठरोगी उपाशी मरत असे असें नाहीं. देवळाच्या पायऱ्यांवर, यात्रेच्या वाटेवर त्यास भीक मिळे. परंतु ती भीक दुरून टाकलेली असे. पोटाची सोय होई; मात्र त्याला स्पर्श करणारें, नांवानें हांक मारणारें, त्याच्या हातचें घेणारें कोणी नसे. तपोवनानें औषध दिलें, तसेंच कामही दिलें. शेती, विणकाम, सुतारकाम करणाऱ्या माणसास आपल्या हातून कांहीं निपजतें, याची प्रचीति तेथें आली. भिक्षेची भाकरी आणि कामाची भाकरी यांचा उष्मांक एकच भरेल. परंतु दोन्हींचें पोषण एकच आहे, असें म्हणण्यास कोणी धजेल काय?

मानाची भूक किती तीव्र असते, तें अमरावतीनें आणखी एकदां पाहिलें आहे. १९२७ सालीं अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न येथें उभा राहिला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरांत भरलेल्या परिषदेचें अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनीं स्वीकारलें. त्या देवळाचें दार उघडल्यानें कोणाच्याही घरीं ज्वारीचा एक दाणा अधिक येणार नव्हता. तरी ज्यांच्या घरीं ज्वारीची रोजची वानवा होती तींच माणसें त्या दारासाठीं उभीं ठाकलीं. आपल्यासारख्या पांढरपेशा घरांनीं हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण तें दार बंद ठेवणाऱ्यांत आपले पूर्वजही होते. "मनाच्या गरजा हें भरल्या पोटाचें खूळ आहे," असें म्हणणाऱ्यांस आमचें उत्तर हें कीं, तपोवनांतील माणसें आणि अंबादेवीपुढील माणसें भरल्या पोटाचीं नव्हतीं.

अचलपूर तालुक्यांत परतवाड्याजवळ वझ्झर नांवाचें गांव आहे. तेथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या, अंध, मूकबधिर, मतिमंद अशा शंभराहून अधिक मुलांचा सांभाळ केला; २०२४ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. अन्नवस्त्र पुष्कळ बालगृहें देतात. शंकरबाबांनीं मुलांस आपलें आडनांव दिलें. बापाच्या नांवाची जागा कागदावर रिकामी राहूं नये म्हणून तेथें स्वतःचें नांव घातलें. मुलींचीं लग्नें करून दिलीं. अठरा वर्षें भरलीं कीं बालगृह सोडावें, असा कायदा आहे. दिव्यांग मुलांस तो लावूं नये, असा त्यांचा आग्रह राहिला आहे. घर म्हटलें कीं तेथून वय झालें म्हणून बाहेर काढावयाचें नसतें, एवढाच त्याचा अर्थ. त्याच घरांतील एक अंध कन्या २०२४ सालीं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ह्या यशांत अन्नाचा वाटा किती आणि नांवाचा किती, हें वेगळें काढून दाखवितां येणार नाहीं.

आणि आतां वऱ्हाडाची ती जखम, जिच्याविषयीं बोलतांना लेखणी अडखळते. कापसाच्या या प्रांतांत कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें सत्र सुरू झालें. २००६ च्या जुलैंत पंतप्रधानांनीं अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. कर्ज, पाणी, बियाणें, भाव हे प्रश्न खरे आहेत आणि ते सुटल्यावांचून गत्यंतर नाहीं. शेतकऱ्याचें दुःख हा केवळ मनाचा आजार आहे असें म्हणणें हा त्याचा अपमान होईल. तथापि कर्जाचा आंकडा एकटाच माणसास मोडीत नाहीं. बाजारांत तोंड दाखविण्याची लाज, मुलीचें लग्न पुढें ढकलावें लागण्याची बोच, आणि हें सारें कोणापाशीं बोलावें हा प्रश्न, यांचें ओझें त्या आंकड्यावर चढतें.

तें ओझें उतरवितां येतें, याचा पुरावाही अमरावती जिल्ह्यांतच मिळाला. तेथील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाचा एक उपक्रम चालविण्यांत आला. गांवचेच आरोग्यसेवक शिकवून तयार केले. ते घरोघर जात, बसत, ऐकून घेत, आणि ज्यांस अधिक उपचारांची आवश्यकता असेल त्यांस समुपदेशकाकडे किंवा डॉक्टराकडे पाठवीत. २०१७ सालीं ‘लॅन्सेट सायकियाट्री’ ह्या नियतकालिकांत त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषण्णतेच्या विकारानें पीडलेल्यांपैकीं मदत घेणाऱ्यांचें प्रमाण आधीं शेंकडा ४.३ होतें; तें अठरा महिन्यांत शेंकडा २७.२ वर गेलें. त्या विकाराचें गांवांतील प्रमाणही शेंकडा १४.६ वरून ११.३ वर आलें. ज्या गांवांत मनाचें दुखणें म्हणजे वेड एवढाच अर्थ ठाऊक होता, तेथें कोणी तरी ओसरीवर येऊन बसलें आणि ऐकूं लागलें, म्हणून एवढा फरक पडला. आज सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक दूधवाल्याच्या आणि डॉक्टरांच्या क्रमांकाशेजारीं प्रत्येक घरांत लिहिलेला असावा.

हीं उदाहरणें थोर माणसांचीं आणि मोठ्या संकटांचीं झालीं. आपल्या घराचा याच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. एकत्र कुटुंबाचा मोठा गुण हा कीं, तेथें कोणी उपाशी राहत नाहीं. त्याचा मोठा दोषही त्यांतूनच निघतो: सारे जेवले म्हणजे साऱ्यांचें सारें झालें, असें तेथें वाटूं लागतें. दहा माणसांच्या घरांत एकटें पडणें हें दोन माणसांच्या घरांतल्याहून सोपें असतें. कारण प्रत्येकास वाटतें कीं, दुसरा कोणी तरी बोलला असेल.

गरजाही साऱ्यांच्या सारख्या नसतात. वृद्धास संगत हवी असते, आणि संगतीहूनही अधिक हवें असतें तें काम. "तुम्ही आतां कांहीं करूं नका, स्वस्थ बसा," हें आपण मायेनें म्हणतों. ऐकणाऱ्यास तें निरोप दिल्यासारखें लागतें. नव्या सुनेस संगत पुष्कळ असते. तिला हवा असतो एखादा कोपरा, जेथें दार लोटून घटकाभर पुस्तक घेऊन बसलें तरी कोणी कारण विचारणार नाहीं. मुलास चांगल्या शाळेइतकेंच हें ठाऊक असावें लागतें कीं, गुण कमी पडले तरी आपण ह्या घरचेच आहों. मिळवत्या पुरुषास तर कोणी विचारीतच नाहीं. तो साऱ्यांच्या गरजा पुरवितो म्हणून त्यास स्वतःची गरज नसावी, असा समज असतो. एकाच मापानें साऱ्यांस वाढणें हें पंगतींत शोभतें. मनाच्या बाबतींत ज्याचें त्यास विचारावें लागतें.

यासाठीं पैसा लागत नाहीं, आणि नवें कांहीं शिकावेंही लागत नाहीं. कारण आपल्या चालीरीतींत ही जाण मुरलेली आहे. थंडींत शेतावर हुरडा खावयास आपण जातों, तें कोणाचें पोट रिकामें असतें म्हणून? गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी यांसाठीं सारें घर बैलगाडींत कोंबून आपले वडील नदीकांठीं नेत असत. तीं रोडगे घरींही भाजतां आले असते. पंगतींत आग्रह करकरून वाढण्याची आपली रीत ही तरी काय आहे? पोट भरलें असें सांगणाऱ्यास आणखी एक वाढतांना, "तूं आम्हांस हवा आहेस," एवढेंच आपण त्यास सांगत असतों. अन्नांतून मन पोंचविण्याची कला आपणांस येते. ती सणासुदीपुरती राखून ठेविली आणि रोजच्या ताटांतून काढून घेतली, एवढीच आपली चूक.

असो. अकोल्याच्या स्नेह्यांस आम्हीं काकूंचे शब्द पत्रानें कळविले. उपदेश केला नाहीं. तसा अधिकारही नव्हता. दिवाळीच्या सुमारास पुन्हा तिकडे जाणें झालें. काकू मागल्या खोलींत नव्हत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि पुढ्यांतल्या सुपांत तुरीची डाळ निवडीत होत्या. दृष्टि मंद झाल्यामुळें खडे सारे निघत नसावेत. सूनबाई तीच डाळ पुन्हा एकदां गुपचूप पाहून घेत होत्या. आम्हांस पाहतांच काकूंनीं तक्रारींचा पाढा वाचला. चिवड्यांत मीठ जास्त पडलें, चकल्या मोडल्या, नातू रात्रीं उशिरां येतो, आणि या घरांत त्यांचें कोणी म्हणून ऐकत नाहीं.

सूनबाई आंतून हंसत म्हणाल्या, "ऐकतोय हो आई, सारं ऐकतोय."

काकूंस त्या दिवशीं कशाची कमी आहे काय, हें आम्हीं विचारलें नाहीं.